बाळंतिणीची शिंक

बाळंत होऊन महिना होत आला तेव्हा मला पहिली खणखणीत शिंक आली. भर दुपारी, स्वयंपाकघराच्या दारात, हातात दुधाचा पेला असताना. दूध सांडलं नाही. पेला सरळ राहिला. तरी पाय ओले झाले.

मी आधी पेल्यात बघितलं. मग छताकडे बघितलं, कारण वरच्या मजल्याचं पाणी आमच्याकडे झिरपतं अशी आमची सोसायटीकडे जुनी तक्रार आहे. छत कोरडं होतं. मग मला कळलं, आणि कळूनही काही कळेना.

मी श्रीगोंद्यातल्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवते. मूत्रपिंड, मूत्रवाहिन्या, मूत्राशय ही आकृती दरवर्षी फळ्यावर रंगीत खडूंनी काढते आणि ती चांगली येते, असं तपासणीला आलेले साहेबही म्हणाले होते. मूत्राशयाच्या तोंडाशी स्नायूंचं कडं असतं आणि ते आपल्या इच्छेनुसार उघडतं-मिटतं, हे वाक्य मला झोपेतही म्हणता येईल. 'आपल्या इच्छेनुसार' या शब्दांखाली मी मुलांना रेघ मारायला लावते. आता जिच्या सांगण्यावरून वर्गभर पोरं रेघा मारतात, तिची इच्छा तिच्याच शरीरात कोणी विचारत नव्हतं.

तशी बाळंतपणानंतर माझी आणि शरीराची ओळखच राहिली नव्हती. घर तेच, पण कोणीतरी सगळी बटणं बदलून ठेवावीत तसं झालं होतं. पंख्याचं दाबावं तर दिवा लागायचा. शेजारच्यांचं बाळ रडलं तरी माझा ब्लाउज भिजायचा. मनगट दुखायचं. बाळंतपणात मनगटाचा काय संबंध, हे मला कोणी सांगितलं नाही. पोट पुढे होतं तसंच होतं, पण आत कोणी नव्हतं. मी सवयीनं त्यावर हात ठेवायचे आणि मग दचकून पाळण्याकडे बघायचे. मुलगी वजनदार होती, कळा लांबल्या होत्या, टाके पडले होते. नंतर तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरांनी "टाके छान सुकलेत" म्हटलं आणि उरलेला सगळा वेळ मुलीचं वजन, मुलीची लस आणि मुलीची शी यावर गेला. खोलीत नवरा उभा, दारात पुढची पेशंट उभी. "तुम्हाला काही त्रास?" असं त्यांनी विचारलंही असेल. मी "नाही" म्हटलं असेन. माणूस म्हणतोच.

घरी मी यावर शास्त्रीय पद्धतीनं विचार केला. शिंक आली नाही तर काही होत नाही. शिंक आली की होतं. म्हणजे दोष शिंकेचा. शिंकच बंद केली तर प्रश्नच उरत नाही. विज्ञानाच्या शिक्षिकेनं काढलेला हा निष्कर्ष आठवला की आजही मला स्वतःच्या पदवीबद्दल शंका येते. पण त्या दिवशी मला फार हुशारी केल्यासारखं वाटलं. घरातून शिंक हद्दपार करायची, एवढंच काम होतं.

सुरुवात मी फोडणीपासून केली.

माझ्या आईचं तिसगावला गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असल्यामुळे माझं बाळंतपण सासूबाई करत होत्या. चांगुणाबाई त्यांचं नाव. त्या मिरजगावहून दोन पिशव्या घेऊन आल्या होत्या. एकीत त्यांची लुगडी आणि दुसरीत डिंक, खारीक, खोबरं, अळीव, शेपा आणि ओवा. बाई अबोल आणि कडक. लग्नाला चार वर्षं झाली, पण मी त्यांना मोकळं हसताना कधी बघितलं नव्हतं. कोणी विनोद केला की त्या ओठ घट्ट मिटून उठून जायच्या. मला वाटायचं, माझे विनोद त्यांना आवडत नाहीत.

"आई, फोडणीत मिरची नका घालू," मी म्हटलं. "मला शिंका येतात."

त्यांनी झारा खाली ठेवला. "शिंका? कवापासनं?"

"झाले थोडे दिवस."

"आन् आत्ता सांगती व्हय!" त्यांनी माझं कपाळ चाचपलं, मग वाकून तळपाय चाचपले. "पाय गार हायेत. गारठा भरलाय अंगात."

एप्रिल महिना होता. सोसायटीच्या गच्चीवर टाकलेल्या कुरडया दुपारपर्यंत वाळून खडखड वाजत होत्या. पाय गार होते कारण मी ते नुकतेच धुतले होते, आणि का धुतले होते हे मला सांगता येत नव्हतं. त्यामुळे गारठा भरलाय हे मान्य करण्यावाचून मला इलाज उरला नाही.

पंखा बंद झाला. कानात कापूस आला, डोक्याला स्कार्फ आला, पायात माझ्या नवऱ्याचे ऑफिसचे मोजे आले. घामानं मी निथळत होते आणि प्रत्येक घामाचा थेंब बघून सासूबाई समाधानानं म्हणत होत्या, "निघतोय गारठा."

शिंका वाढल्या. स्कार्फच्या लोकरीनं नाक हुळहुळायचं.

माझे यजमान तुषार शुगर फॅक्टरीच्या ऑफिसात आहेत. माणूस प्रेमळ. पण जगातला कोणताही प्रश्न काहीतरी वस्तू आणून सुटतो अशी त्यांची श्रद्धा आहे. मला डोहाळे लागले तेव्हा त्यांनी मिक्सर आणला होता. त्यामुळे सासूबाई जेव्हा म्हणाल्या, "हिला बाजंवर घालून शेक द्यायला पायजे, असल्या पलंगावर धग लागत न्हाई," तेव्हा तुषार लगेच उठले.

"बाज कुठे मिळेल?"

"आपल्या घरी हाय की."

मी म्हटलं, "आई, आपण पूजाअर्चा, सटवाई वगैरे काही मानत नाही ना? मग शेक-शेगडी कशाला?"

त्यांनी भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "ह्यात देवाचं काय आलं? हे शरीराचं हाय. तू शिकवती ना शाळंत, तसलंच."

मी पायातले मोजे वर ओढले.

दुसऱ्या दिवशी मिरजगावहून टेम्पो आला. त्यात बाज होती आणि सासऱ्यांचा, म्हणजे कारभारी आबांचा, निरोप होता. "बाज पाठवली. मी ज्या बाजंवर झोपतो तीच ही. आता मी कुठं झोपू ते कळवा." टेम्पोवाल्यानं तो निरोप खाली रस्त्यातून मोठ्यानं सांगितला, म्हणून सोसायटीतल्या सगळ्यांना कळला.

बाज जिन्याच्या वळणावर अडकली. आडवी केली, उभी केली, पाय वर करून बघितली. चार माणसं चार बाजूंनी ओढत होती आणि प्रत्येक जण दुसऱ्याला "तुमच्याकडून घ्या" म्हणत होता. शेवटी सोसायटीचे चेअरमन गहिनीनाथ काका खाली आले. ते फॅक्टरीतून रिटायर झालेले, वरच्याच मजल्यावर राहणारे. त्यांनी आधी सामान वर न्यायची अर्जाशिवाय परवानगी नाही असं सांगितलं, मग अर्ज कोणाकडे करायचा असं विचारल्यावर "माझ्याकडे" म्हणाले, आणि मग स्वतःच दोर आणून गॅलरीतून बाज वर ओढायला उभे राहिले. बाज हवेत झुलत वर येत होती आणि रस्त्यावरचे लोक थांबून विचारत होते, "कोण आजारी आहे?"

"बाळंतीण आहे," खालून मोनिका सांगत होती. "शिंका येतात तिला."

मोनिका तळमजल्यावर राहते आणि तिथेच ब्युटी पार्लर चालवते. तिला सांगितलेली गोष्ट भुवया कोरता कोरता अर्ध्या श्रीगोंद्यात पोचते. दोन दिवसांत मला शिंकांवर इतके उपाय कळले की सगळे केले असते तर मुलीचं लग्न निघालं असतं. कोणी म्हणे तूप नाकात घाल. कोणी म्हणे तूप अजिबात खाऊ नको. एका बाईंनी जिन्यात मला गाठून अगदी हळू आवाजात विचारलं, "फक्त शिंकाच ना? बाकी सगळं ठीक?" त्या क्षणी माझ्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात जिन्यातून कोणीतरी आलं, आणि मी "हो हो, बाकी एकदम ठीक" म्हटलं. त्या बाईंचा चेहरा का पडला, हे मला तेव्हा कळलं नाही.

शेकाचा दिवस उजाडला. खिडक्या सताड उघड्या ठेवून सासूबाईंनी बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी सरकवली. तुषार मुलीला घेऊन पुढच्या गॅलरीत गेले. मी बाजेवर उताणी, खाली एक गोधडी आणि अंगावर डोक्यापासून पायापर्यंत दुसरी. खरं सांगते, पहिला थोडा वेळ फार बरं वाटलं. कंबरेला ऊब लागत होती. बाळंतपणापासून कोणी माझ्या कंबरेची दखलच घेतली नव्हती. मला झोप लागायला आली.

मग सासूबाईंनी निखाऱ्यांवर ओवा आणि शेपा टाकला.

धूर गोधडीतून आत आला, बाहेर खिडकीतून वर गेला आणि थेट गहिनीनाथ काकांच्या गॅलरीत पोचला. इथे सांगितलं पाहिजे की आमच्या जिन्यात आग विझवायचं एक लाल नळकांडं टांगलेलं आहे. ते काकांनीच सोसायटीत भांडून आणलं होतं. रोज सकाळी ते फडक्यानं पुसायचे. आजवर कुठे ठिणगीसुद्धा पडली नव्हती आणि विरोधी गटातले लोक त्यावरून त्यांना बोलायचे.

काका नळकांडं घेऊन आमच्या दारात आले. दार ढकललं. खोलीत धूर, बाजेखाली लाल निखारे आणि वर गोधडीत पूर्ण झाकलेली, हालचाल न करणारी बाई. त्या माणसानं जो समज करून घेतला त्याबद्दल मी त्यांना दोष देत नाही.

"सूनबाई, भिऊ नका!" असं ओरडून त्यांनी पिन ओढली.

पांढऱ्या पावडरीचा लोट उठला. बाज दिसेना, सासूबाई दिसेनात, काकाही दिसेनात. आणि त्या ढगात मला शिंका सुरू झाल्या. एक संपायच्या आत दुसरी. मी थांबवायचा प्रयत्न केला, नाक धरलं, श्वास धरला, मांड्या आवळल्या, काही उपयोग झाला नाही. बाहेरून मोनिकाचा आवाज येत होता, "बाई गं, किती शिंकतेय ती!" काका ढगातून "जिवंत आहे, जिवंत आहे!" असं सांगत होते.

ढग खाली बसल्यावर सगळे माझ्याकडे बघत होते. मी पिठात लोळवल्यासारखी बसलेली. खालची गोधडी ओली होती. तिचा आळ नळकांड्यावर आला. "कसलं पाणी असतं हो यात?" मोनिकानं विचारलं. त्या नळकांड्यात कोरडी पावडर असते, पाणी नसतं, हे त्या खोलीत विज्ञान शिकलेल्या एकाच व्यक्तीला माहीत होतं. ती गप्प बसली.

गोधडी सासूबाईंनीच उचलली. उचलताना त्या क्षणभर थांबल्यासारख्या वाटल्या. पण बोलल्या काही नाहीत. गोधडी स्वतः धुऊन त्यांनी गच्चीवर वाळत घातली.

उन्हाळा गेला. शिंका गेल्या नाहीत. आता नुसत्या शिंकेनंच नाही, खोकल्यानं, मुलीला झटकन उचललं तरी, आणि एकदा तर तुषारनी सांगितलेल्या फॅक्टरीतल्या गमतीवर हसले तेव्हाही झालं. मी हसणं कमी केलं. पाणी कमी केलं. बाहेर जायचं म्हटलं की आधी बाथरूम, चप्पल घातल्यावर परत बाथरूम. काळ्या रंगाचे कपडे बाहेर काढले. तुषार म्हणाले, "तुला काळा छान दिसतो." मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. मला वाटत होतं की माझ्यात काहीतरी कायमचं मोडलंय, आणि मोडलेलं कुठे आहे हे फळ्यावर दाखवता येत असूनही कोणापुढे बोलता येत नाही.

त्यात बाळंतपणाची रजा संपत आली. शाळा म्हणजे खडू. खडू म्हणजे शिंक. दहावीच्या वर्गासमोर उभी राहून मला शिंक आली तर काय, या विचारानं हातपाय गार पडायचे, आणि या वेळी खरंच गार पडायचे. रजा वाढवून मिळते का बघायला मी शाळेत गेले. आमचे क्लार्क आसाराम नियमांच्या बाबतीत फार काटेकोर.

"कारण?" त्यांनी विचारलं.

"तब्येतीचं."

"तब्येतीचं म्हणजे?"

"बाळंतपणानंतरचं."

"मॅडम, बाळंतपण झालं ना?"

"झालं."

"मग झालं की. बाळंतपणाची रजा संपली म्हणजे बाळंतपण संपलं असं धरतात. त्यापुढं आजारपण पाहिजे. आजाराला नाव पाहिजे."

मला नाव माहीत नव्हतं. माहीत असतं तरी मी ते आसारामना सांगितलं नसतं. मी म्हटलं, "शिंका."

"शिंकांना रजा नाही," आसाराम दुःखानं म्हणाले. "नाकाचं ऑपरेशन वगैरे असतं तर बसवता आलं असतं."

हे मी घरी येऊन सहज बोलून गेले. तेवढं पुरलं. मोनिकाच्या दिरानं नगरला नाकाचं ऑपरेशन करून घेतलं होतं. तुषारनी त्याच संध्याकाळी फोन लावला. एसटीच्या बोर्डावर आता अहिल्यानगर लिहिलेलं असतं आणि कंडक्टर नगर नगर म्हणून ओरडतो. आम्ही एक वाचून, दुसरं ऐकून बसलो आणि एका खाजगी दवाखान्यात पोचलो. डॉक्टरांनी माझ्या नाकात बॅटरी मारून बघितलं.

"हाड वाकडं आहे."

"बघ!" तुषार म्हणाले. इतके महिने शोधत असलेला चोर सापडावा तसा त्यांचा चेहरा उजळला.

"बहुतेकांचं थोडंफार असतं," डॉक्टर प्रामाणिकपणे म्हणाले. "पण त्रास फारच होत असेल तर सरळ करता येतं. फार होतो का त्रास?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी मान डोलावली. त्रास फार होत होता, यात काही खोटं नव्हतं. अशा रीतीनं मी शिंकू नये म्हणून माझ्या नाकाचं हाड कापायचं ठरलं, आणि ते ठरत असताना मी खुर्चीत अतिशय सभ्य चेहरा करून बसले होते.

ऑपरेशनच्या आधी तपासणीला बोलावलं तेव्हा मुलीला सांभाळायला सासूबाई बरोबर आल्या. एसटीनं यायला त्या तयार होईनात, म्हणून तुषारनी मित्राची गाडी आणली. वाटेत त्यांनी दोनदा गाडी थांबवायला लावली. मला गाडी लागते, म्हणाल्या.

भूल देणाऱ्या डॉक्टर एक बाई होत्या. तुषार रक्ताचे रिपोर्ट आणायला खाली गेले. खोलीत मी, सासूबाई, त्यांच्या मांडीवर मुलगी आणि त्या डॉक्टर. त्यांनी दार लावून घेतलं आणि खुर्ची माझ्याजवळ ओढली.

"मला जरा समजून घेऊ दे. शिंकांचा त्रास होतो म्हणजे नेमकं काय होतं? डोकं दुखतं?"

"नाही."

"डोळे चुरचुरतात?"

"नाही."

"नाक गळतं?"

मी मुलीकडे बघितलं. ती सासूबाईंच्या मांडीवर पाय झाडत हसत होती.

"गळतं," मी म्हटलं. "पण नाक नाही."

डॉक्टरांनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं. त्या हसल्या नाहीत. "कधीपासून?"

"हिच्या जन्मापासून." आणि एकदा तोंड उघडल्यावर मला थांबताच येईना. पेला, गोधडी, काळे कपडे, शाळा, सगळं बाहेर आलं. बोलता बोलता रडू आलं, आणि रडताना आपण सासूबाईंसमोर हे बोलतोय हे लक्षात येऊन आणखीच आलं.

सासूबाई माझ्याकडे टक लावून बघत होत्या. "येवढंच व्हय?" त्या म्हणाल्या. "ते तर समद्या बायांना हुतं. त्यात काय सांगायचं?"

डॉक्टरांनी त्यांच्याकडे मान वळवली. "तुम्हालाही होतं का, आजी?"

मुलीचं टोपडं त्यांनी उगाचच नीट केलं. मग खाली बघूनच म्हणाल्या, "तुषारच्या टायमापासनं."

"कोणाला दाखवलं नाहीत?"

"काय दाखवायचं? सासूला म्हनले एकदा. ती म्हनली गप बस, मलाबी हुतं." टोपड्याची नाडी बांधत त्या म्हणाल्या, "म्हनून तर मी यष्टीत बसत न्हाई. लग्नाला गेले तर पानी पीत न्हाई. कोनी हसवाया लागलं तर उठून जाते. भ्या वाटतं."

चार वर्षं मी या बाईंना कडक समजत होते. माझे विनोद त्यांना आवडत नाहीत असं समजत होते. माझे विनोद बहुधा त्यांना जरा जास्तच आवडत होते.

"आई, मग ती गोधडी?" मी विचारलं.

"वळखली की मी. वासावरनंच."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलली का?"

मी मुलीला त्यांच्या मांडीवरून माझ्याकडे घेतलं.

डॉक्टरांनी आम्हा दोघींना समोर बसवलं. बाळंतपणात खालचे स्नायू ताणले जातात, सैल पडतात, म्हणून शिंकताना-खोकताना दाब आला की असं होतं. पुष्कळ जणींना होतं, पण पुष्कळ जणींना होतं म्हणून ते सोसत बसायचं नसतं. बहुतेकींना नीट शिकून व्यायाम केला तर खूप फरक पडतो, नाही पडला तर पुढे आणखी उपचार आहेत. "आणि तुमच्या नाकाला," त्या म्हणाल्या, "कृपा करून हात लावू नका."

तुषार रिपोर्ट घेऊन वर आले तेव्हा ऑपरेशन रद्द झालं होतं आणि त्यांची आई आणि बायको एकमेकींचे डोळे पुसत होत्या. "काय झालं? रिपोर्ट तर नॉर्मल आहेत!" ते म्हणाले. सासूबाईंनी सांगितलं, "तू गाडी काढ."

गाडीत मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी गाडीचा वेग कमी केला. मग हळूच म्हणाले, "त्यासाठी काय आणू?" काहीच आणायचं नाही म्हटल्यावर बिचारे फार हरवल्यासारखे दिसले.

दीपा नावाच्या फिजिओथेरपिस्टकडे आम्ही दोघी जाऊ लागलो. ती आधी नीट तपासायची आणि मग सांगायची, "लघवी रोखताना जे आवळतो ना, ते आतून वर उचला. धरा. सोडा." ऐकायला सोपं. पण जो स्नायू दिसत नाही, हाताला लागत नाही, तो सापडावा कसा? मी उचलायला गेले की माझा जबडा आवळायचा. सासूबाईंचे खांदे कानांना लागायचे.

"आजी, भुवया खाली आणा. भुवयांचं काम नाही यात."

"मग कशाचं हाय? मला तर काय गावंना."

"श्वास रोखू नका."

"श्वास सोडला तर तेबी सुटतं!"

आणि सासूबाई हसल्या. माझ्यासमोर पहिल्यांदा, तोंड उघडून. हसता हसता मध्येच थांबून घाबऱ्या झाल्या, मग दीपाकडे बघून पुन्हा हसल्या. "गेलं थोडं," त्या म्हणाल्या. "जाऊ दे." दीपा म्हणाली, कपडे धुता येतात आजी, तुम्ही हसा.

फरक लगेच पडला नाही. पहिले काही आठवडे तर आपण नक्की काही करतोय का, हेच कळत नव्हतं. डाळ शिजेपर्यंत आम्ही दोघी ओट्याशी गंभीर चेहऱ्यानं उभ्या असायचो. तुषार विचारायचे, "तुम्ही दोघी भांडलात का?" पण एक दिवस जिन्यात खोकला आला आणि काही झालं नाही. मग कधी झालं, कधी नाही झालं. मग नाही झालं असे दिवस जास्त होऊ लागले. शाळेत रुजू झाले तेव्हा मनात धाकधूक होतीच. फळा पुसताना खडूचा भुगा नाकात गेला आणि सगळ्या वर्गासमोर सणसणीत शिंक आली. मी तशीच उभी राहिले. पाय कोरडे. पोरं "मॅडम, बरं वाटत नाही का?" म्हणून विचारत होती, कारण मी फळ्याकडे तोंड करून हसत होते.

आसारामनी मात्र मला ऑफिसात बोलावून घेतलं. "नाकाचं ऑपरेशन झालं का, मॅडम?"

"रद्द झालं."

"मग बऱ्या कशानं झालात?"

"व्यायामानं."

"नाकाच्या?"

मी हजेरीपट उचलून वर्गाकडे गेले. तेव्हापासून आसाराम दुपारच्या सुट्टीत खिडकीशी उभे राहून नाकपुड्या फुगवताना दिसतात.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मिरजगावला गेलो. एसटीनं गेलो. सासूबाई खिडकीशी बसल्या आणि घोगरगावला गाडी थांबली तेव्हा चहा प्यायल्या. घरी पोचल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी शेजारच्या रंगुबाईला बोलावलं, रंगुबाईनं तिच्या जावेला आणलं, आणि बघता बघता अंगणात वाडीतल्या बऱ्याच बाया जमल्या. सासूबाईंनी अंगणाचं दार लोटून घेतलं आणि अबोल समजली जाणारी ती बाई बोलायला उभी राहिली. तिनं माझ्या आकृतीचा आधार घेतला नाही, दीपाचे शब्दही वापरले नाहीत. "खोकला आला की लुगडं वलं हुतं, हुतं ना?" एवढंच विचारलं. बायांनी आधी एकमेकींकडे बघितलं. मग रंगुबाईनं हात वर केला. मग दुसरीनं. मग मोजायची गरजच राहिली नाही.

नंतर सासूबाईंनी सगळ्यांना पाठ ताठ करून, मांडी घालून, डोळे मिटून बसवलं. "भुवया खाली," त्या दरडावत होत्या. "श्वास चालू ठेवायचा. आतून उचला. धरा."

इतक्यात दार उघडून कारभारी आबा शेतातून आले. एवढ्या बाया रांगांमध्ये डोळे मिटून निश्चल बसलेल्या बघून ते उंबऱ्यातच थबकले. त्यांनी चपला बाहेर काढल्या, टोपी काढून खिशात ठेवली, हात जोडले आणि आवाज न करता मागच्या ओळीत येऊन मांडी घातली. डोळे मिटले. चेहरा अगदी शांत.

रंगुबाईनं एक डोळा उघडून मागे बघितलं आणि पदर तोंडात कोंबला. मी उठून आबांना काय सांगावं या विचारात पडले. सांगायचं तरी कुठून?

"आई," मी सासूबाईंच्या कानाशी म्हटलं, "आबांना ध्यान वाटतंय हे. उठवू का?"

त्यांनी नवऱ्याकडे जरा वेळ बघितलं.

"बसू दे," त्या म्हणाल्या. "त्यांचंबी वय झालंय."